विषयबद्ध शब्दकोडं रोज त्याच कोपऱ्यात अडतं तेव्हा काय तपासावं

नात्यातली आणि सोसायटीतली मंडळी मला सकाळी अर्धवट भरलेल्या शब्दकोड्यांचे फोटो पाठवतात. वर्तमानपत्रं वेगवेगळी असतात, कोडेकार वेगळे, विषयही वेगळे. बिघाड मात्र फिरून फिरून तेच. म्हणून तो शोधायचा क्रम इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. आधी फुकटात आणि मिनिटभरात होणारी तपासणी, मग थोडी मेहनतीची, आणि शेवटी कुठे थांबायचं ते.

लक्षणं

खालच्यांपैकी कुठलं लक्षण दिसतंय ते आधी पाहा.

- तीन कोपरे भरले, चौथ्यात एकही शब्द शिरत नाही.
- शब्द अर्थाने चपखल आहे, पण एक घर कमी पडतं किंवा उरतं.
- एकाच घरात आडव्या शब्दाला 'ति' हवं आणि उभ्याला 'ती'.
- विषय सापडला असं वाटतं, पण छोटे शब्द त्यात बसायला तयार नाहीत.
- कोडं पूर्ण भरलं, पण दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात दोन-तीन शब्द वेगळे निघाले.
- उत्तर कळलं, पण तेच का, ते कळलं नाही.

माझा अनुभव असा की रिकामं घर क्वचितच दोषी असतं. दोष शेजारच्या, खात्रीने आणि पेनाने लिहिलेल्या शब्दात असतो. तरीही सुरुवात त्या शब्दापासून करू नये, कारण त्याआधीच्या तपासण्या फार स्वस्त आहेत.

सूत्रं आणि चौकट एकाच कोड्याची आहेत का?

चौकटीतला सर्वांत मोठा आकडा पाहा. मग आडव्या-उभ्या सूत्रांच्या, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या ओळींच्या, यादीतला सर्वांत मोठा आकडा पाहा. दोन्ही सारखे हवेत. चौकट २४ वर संपते आणि यादी २७ पर्यंत जाते, असं असेल तर दुसऱ्या दिवसाची सूत्रं छापली गेली आहेत आणि पुढची सगळी मेहनत वाया जाणार आहे. आकडे जुळले तर लांबलचक दोन-तीन शब्दांची घरं मोजा आणि सूत्राच्या कंसातल्या अक्षरसंख्येशी ताडून पाहा. एखाद्याच ठिकाणी फरक असेल तर ती छपाईची चूक समजा. तो शब्द बाजूला ठेवून बाकीचं कोडं सुटतं.

मोबाइलवर ई-पेपर वाचणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. चौकटीची उजवी कड किंवा यादीची शेवटची ओळ कापली गेली आहे का? फोटो काढून पाठवलेल्या कोड्यांत हे सारखं होतं.

घरं मोजताना जोडाक्षर

मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर हे सगळं त्याच घरात. 'पुस्तक' म्हणजे पु, स्त, क अशी तीन घरं. 'पायमल्ली' चार घरांची. 'गुरुपौर्णिमा'तला रफार आणि वेलांटी दोन्ही 'र्णि' या एकाच घरात येतात, म्हणून तो शब्द पाच घरांचा. इंग्रजी कोडी सोडवून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात. त्यांना सुटं सुटं अक्षर मोजायची सवय असते. एक घर कमी किंवा जास्त पडत असेल तर शब्द खोडण्यापूर्वी तो बोटांवर मोजून पाहा.

सूत्राचं व्याकरण

सूत्र ज्या रूपात विचारलं आहे त्याच रूपात उत्तर हवं. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. 'रागावणे (३)' असं असेल तर शेवटच्या घरात 'णे' येणार हे उत्तर माहीत नसतानाही सांगता येतं, आणि ते पेन्सिलीने हलकं लिहून ठेवलं की उभ्या शब्दाला आधार मिळतो. 'ती', 'तो', 'ते' किंवा '-ची', '-चा', '-चं' असं काही सूत्रात असेल तर लिंगही ठरलं. समानार्थी शब्दांत मात्र लिंगावर फार भिस्त ठेवू नका. 'किनारा' पुल्लिंगी म्हणून 'कड' बाद होत नाही.

शीर्षक आणि तारीख

विषयबद्ध कोड्याला बहुधा शीर्षक असतं आणि बहुतेकजण ते वाचतच नाहीत. थेट 'आडवे १' पासून सुरू करतात. शीर्षक नसेल तर तारीख पाहा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १ मे रोजी महाराष्ट्र दिन, आषाढीला वारी. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, कारण १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्या दिवशीच्या कोड्यात 'सुरुवात (२)' असं सूत्र दिसलं तर 'आरंभ' एक घर जास्त म्हणून बाद होतो आणि 'नांदी' चटकन सुचते. तारीख न पाहणारा तिथेच घुटमळतो.

इथे एक सावधगिरी. विषय साधारणपणे लांब शब्दांत असतो. छोटे शब्द चौकट जोडण्यापुरते असतात आणि त्यांचा विषयाशी संबंध नसतो. अवयवांवरच्या कोड्यात 'आधार (२)' दिसलं की 'कणा' किंवा 'पाठ' लिहिण्याचा मोह होतो, आणि उत्तर साधं 'टेकू' असतं. दोन-तीन घरांच्या शब्दाला विषयात ओढून बसवावं लागत असेल तर तो विषयातला नाही.

खात्रीचा शब्द उचकटून पाहणं

आता मुख्य दुरुस्ती. मला आलेल्या फोटोंपैकी बहुतेक कोडी इथे सुटतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो. ते या लेखासाठीच रचलं आहे.

कोड्याचं शीर्षक 'नखशिखांत'. अडलेला कोपरा असा. आडवा शब्द पाच घरांचा, सूत्र 'तळमळीने बोलणाऱ्याच्या शब्दांत जाणवते ती'. त्याला चार उभे शब्द छेदतात.

- पहिल्या घरातून खाली: तव्यावरची गोल (२)
- तिसऱ्या घरातून खाली: चव (३)
- वरून येऊन चौथ्या घरात संपणारा: वस्ती (२)
- पाचव्या घरातून खाली: किनार (२)

सोडवणारा लिहितो 'सहानुभूती'. घरं पाच, लिंग स्त्रीलिंग, अर्थही जवळपास बसतो. शेवटचं घर 'ती', त्यावरून किनार म्हणजे 'तीर'. तेही बसलं. आता दोन शब्द एकमेकांना टेकून उभे आहेत आणि बाकीचे तीन उभे शब्द काही केल्या सुचत नाहीत. 'स' वरून तव्यावरचं काही आठवत नाही, 'नु' वरून चव नाही, 'भू' वर संपणारी वस्ती नाही. अशा वेळी माणूस त्या तीन रिकाम्या शब्दांवर डोकं शिणवतो. भरलेल्या दोहोंकडे पाहतही नाही, कारण ते 'जुळलेले' आहेत.

पण 'तीर' सुचला तो 'सहानुभूती'च्या 'ती'वरून. म्हणजे त्याने तिची स्वतंत्र साक्ष दिलेलीच नाही. तो नुसता तिचंच म्हणणं पुन्हा सांगतो आहे. म्हणून अडलेल्या कोपऱ्यातल्या प्रत्येक भरलेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारा: छेदणारं अक्षर नसतं तरी नुसत्या सूत्रावरून मी हाच शब्द लिहिला असता का? 'किनार' वरून काठ, तट, तीर, कड यांतलं काहीही येऊ शकतं, म्हणजे 'तीर' कच्चा. 'तळमळ' वरूनही बरंच काही येतं, म्हणजे 'सहानुभूती' कच्ची. दोन्ही पुसा. मन तयार होत नाही, पण पुसा.

मग सर्वांत पक्क्या सूत्रापासून सुरुवात. 'तव्यावरची गोल' यात '-ची' आहे, म्हणजे स्त्रीलिंगी. डोसा गेला. भाकरी तीन घरांची. उरली 'पोळी'. पहिलं घर 'पो'. आता शीर्षकाकडे पाहा. नखशिखांत, म्हणजे शरीर. 'पो' ने सुरू होणारा अवयव 'पोट'. दोन घरं भरली. 'चव (३)' मध्ये आंबट, तुरट, खारट, तिखट असे चार दावेदार आहेत, म्हणजे तिसऱ्या घरात आं, तु, खा किंवा ति. 'पोट' नंतर 'ति' आलं की 'पोटतिडीक' आपोआप समोर येते. चौथं घर 'डी', वस्ती म्हणजे 'वाडी'. पाचवं 'क', किनार म्हणजे 'कड'. या वेळी 'पोळी' नुसत्या आपल्या सूत्रावर स्वतंत्रपणे उभी आहे आणि चारही उभे शब्द बसले आहेत, म्हणून या जुळण्यावर विश्वास ठेवता येतो.

हे एवढं तपासावं लागतं त्याचं एक कारण आपल्या चौकटीच्या रचनेत आहे. अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या इंग्रजी कोड्यांत जवळपास प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असतं, त्यामुळे चूक दोन्हीकडून उघडी पडते. मराठी कोड्यांत बरीच घरं एकाच शब्दाची असतात. वरच्या उदाहरणातलं 'ट' चं घर तसंच आहे. त्यातली चूक कुणीच पकडत नाही, आणि 'कोडं पूर्ण भरलं पण उत्तर वेगळं' हे लक्षण बहुधा अशाच घरांतून येतं. असं घर ज्या शब्दात आहे तो शब्द सूत्राशी दुसऱ्यांदा ताडून पाहावा.

'ति' की 'ती'

ह्रस्व-दीर्घाला लोक कटकट समजतात. मला ती कोड्यातली सर्वांत उपयोगी खूण वाटते. शासनमान्य लेखननियम १९६२ पासून आहेत, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि काळजीपूर्वक कोडं रचणारे ते पाळतात. कोडं सोडवायला त्यांतले चारच नियम पुरतात.

शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो: कवी, गुरू, वाडी. 'आणि', 'नि' आणि 'परंतु', 'तथापि' यांसारखी काही अव्ययं अपवाद. म्हणजे ज्या घरात कुठलाही एक शब्द संपतो तिथे इकार असेल तर तो दीर्घ, आणि छेदणाऱ्या शब्दालाही त्या घरात दीर्घच लागणार. 'वाडी' जिथे संपते तिथून 'डिंक' सुरू होऊ शकत नाही. इतक्या सोप्या खुणेने अर्धे दावेदार बाद होतात.

दुसरा नियम उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा. मराठी शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी 'अ' असलेला, असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: पीक, तूप, गरीब, विहीर. शेवटी दुसरा स्वर आला की तो ह्रस्व होतो: गरिबी, मिठी, किडा. 'पोटतिडीक' मध्ये दोन्ही बाजू दिसतात. 'डी' उपान्त्य म्हणून दीर्घ, 'ति' त्याच्याही आधी म्हणून ह्रस्व. त्यामुळे 'ति' च्या घरात 'तिखट' चालतो आणि 'तीर' चालला नसता. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अकारान्त शब्द मात्र मूळ रूप ठेवतात: विष, गुण, युग, मधुर.

तिसरा समासाचा. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ह्रस्व. 'गुरू' दीर्घ, पण 'गुरुपौर्णिमा' ह्रस्व. विषयबद्ध कोड्यांत लांब सामासिक शब्द भरपूर असतात, म्हणून हा नियम इथे फार कामाचा.

चौथा जोडशब्दांचा: हळूहळू, चिरीमिरी यांत दुसरं आणि चौथं अक्षर दीर्घ, आणि रुणुझुणु, दुडुदुडु अशा आवाजाच्या शब्दांत ह्रस्व. हे कमी वेळा येतं, पण आलं की भल्याभल्यांना अडवतं.

सगळेच कोडेकार इतकं कडक पाळत नाहीत. तुमचं रोजचं कोडं कुठल्या प्रकारचं आहे ते कालच्या छापील उत्तरावरून ठरवा. छेदणारी इकार-उकाराची घरं पाहा. दोन्हीकडे वेलांटी तंतोतंत जुळत असेल तर आजही ती पुरावा म्हणून वापरा. एखाद्या ठिकाणी 'वी' आणि 'वि' यांना एकच घर दिलेलं आढळलं तर त्या कोड्यात या खुणेवर शब्द बाद करू नका.

विषय अजून खोलवर

शीर्षक समजलं, दोन लांब शब्दही मिळाले, तरी बाकीचे येत नसतील तर सापडलेल्या शब्दांत विषय *कुठे* आहे ते नेमकं सांगून पाहा. शब्दाच्या सुरुवातीला? पोटात दडलेला? की सगळ्यांत एकच अक्षर समान? 'नखशिखांत' मध्ये लांब शब्द आहेत डोकेदुखी, कानाडोळा, तोंडपाठ, गळचेपी, पोटतिडीक आणि पायपीट. प्रत्येकाची सुरुवात अवयवाने होते. वरून खाली वाचलं तर डोकं, कान, तोंड, गळा, पोट, पाय असा क्रमही लागतो. डोकं वर आणि पोट त्याच्या खाली एवढं कळलं की तळच्या ओळीत 'पाय' येणार हे सूत्र न वाचताही सांगता येतं. चांगला कोडेकार असा क्रम मुद्दाम ठेवतो. तो ओळखता आला तर रचणाऱ्याच्या कष्टांना खरी दाद मिळते.

उत्तर कळूनही 'का' ते कळलं नाही, तर शब्द फोडून लिहा. 'गळचेपी' वर नेहमी हरकत येते की अवयव 'गळा' आहे, 'गळ' नव्हे. पण समासात पहिल्या शब्दाचा 'आ' जातो, जसा 'घोडा'चा 'घोडचूक' मध्ये जातो, म्हणून ते न्याय्य आहे. 'कानाडोळा' मध्ये कान आणि डोळा असे दोन अवयव दिसतात. 'तोंडपाठ' मध्येही दोन दिसतात, पण तिथला 'पाठ' म्हणजे पठण, शरीराची पाठ नव्हे. असं रोज एका शब्दाचं तरी स्पष्टीकरण वहीत लिहावं, असा माझा आग्रह असतो. कोडी सुटण्याचा वेग कशाने वाढत असेल तर याने.

शब्दकोश, आणि कोणता

शब्दकोश शेवटी काढायचा, कारण त्याला वेळ लागतो आणि पहिलं अक्षर हातात नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शेतीची अवजारं, दागिने, जुन्या चालीरीती यांसाठी मला त्याचा अजूनही आधार वाटतो. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' बोलीतल्या शब्दांसाठी उत्तम. पण हे दोन्ही १९६२ च्या आधीचे आहेत. त्यांत 'कवि', 'गुरु' अशी रूपं आणि आज न लिहिले जाणारे अनुस्वार मिळतील. त्यांच्याकडून अर्थ घ्या, लेखन आजच्या नियमाने करा.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि एक-दोन शब्द उरले तर कोडं मिटून ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं. उरलेला शब्द औताच्या भागाचा असेल तर शेतकऱ्याला विचारा, रागाचं नाव असेल तर गाणं शिकलेल्याला, व्याकरणाचा पेच असेल तर मराठीच्या शिक्षकांना. त्यांच्याकडून तो शब्द त्याच्या वापरासकट मिळतो, आणि तसा मिळालेला शब्द विसरत नाही.

चौकट आणि सूत्रं जुळत नसतील, किंवा छापून आलेलं उत्तर सूत्राशी विसंगत असेल, तर दुरुस्ती तुमच्या हातात नाही. वर्तमानपत्राला लिहा. तारीख, कोड्याचा क्रमांक, सूत्राचा क्रमांक आणि नेमकं काय जुळत नाही ते एका वाक्यात. सोबत चौकटीचा पूर्ण फोटो.

शेवटची गोष्ट कोड्याबाहेरची, पण रोज कोडं सोडवणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ती माहीत असायला हवी. आकडे पुसट दिसतात, ३ आणि ८ मध्ये गफलत होते, तर आधी डोळे तपासून घ्या. रोज सहज आठवणारे शब्द काही महिन्यांपासून कोड्यातच नव्हे तर बोलतानाही सापडेनासे झाले असतील, तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि बोलता बोलता अचानक शब्द फुटेनासे झाले, जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं किंवा एक हात लुळा पडला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात सर्वांत आधी तेच विचारतात.